मोतीबिंदूचं नरसाळं

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही. जीपच्या सीटखाली जशा विसरलेल्या चपला साठतात, तसे ते आपोआप साठतात. अहेरीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: कोऑर्डिनेटर शिल्पा मॅडम, गावोगाव फिरणारे आणि जीपही चालवणारे दिवाकरभाऊ, आणि लॅपटॉपवाली मी. काम मोतीबिंदूचं. गावात डोळे तपासायचे, आणि ज्यांचा मोतीबिंदू निघेल त्यांना दर बुधवारी जीपने चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचं.

यंदा मुख्य ऑफिसने फर्मान काढलं की दर महिन्याला फनेल चार्ट पाठवा. किती तपासले, किती जणांना मोतीबिंदू निघाला, किती जणांनी होकार दिला, किती जीपमध्ये बसले, किती जणांचं ऑपरेशन झालं, किती जणांना चष्मा मिळाला. चार्टमध्ये प्रत्येक आकड्याची एक आडवी पट्टी; त्यातली जीपची पट्टी तीन महिन्यांत रुंद झाली नाही, तर जीप दुसऱ्या तालुक्याला जाणार. जीप गेली की आमचं काम संपलंच, हे सांगायला चार्ट लागत नव्हता.

*

पहिला चार्ट मी मोठ्या हौसेने दाखवला. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मी, मला ग्राफचं भारी प्रेम. फनेल म्हणजे नरसाळं, हेही समजावलं. दिवाकरभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"ताई, नरसाळ्यात वरून जेवढं टाकलं तेवढं खालून निघते. हे तर मधातच गळून राह्यलं. मग याले नरसाळं काऊन म्हणता?"

मी कॉलेजात दोन वर्षं हे शिकले होते. हा प्रश्न मला एकाही सरांनी विचारला नव्हता.

*

दुसऱ्या महिन्यात मागच्या कित्येक महिन्यांचे वाटायचे राहिलेले चष्मे एकदम वाटले गेले, आणि चष्म्याचा आकडा सगळ्यांत मोठा झाला. सॉफ्टवेअरला काय, त्याने मोठी पट्टी उचलून वर ठेवली! मी न बघताच पाठवून दिलं.

मुख्य ऑफिसातून फोन आला. साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं की अहेरीला आधी चष्मा देऊन मग डोळे तपासतात का. मी माफी मागून क्रम हाताने लावला. दिवाकरभाऊंना मात्र ती पद्धत वाईट वाटली नाही. लोक तपासायला तरी हौसेने येतील, असं त्यांचं म्हणणं.

*

खरी गळती होकार आणि जीप यांच्यामध्ये होती, हे पहिल्याच चार्टमध्ये दिसलं होतं. चाळीस जण हो म्हणायचे, जीपमध्ये नऊ. मुख्य ऑफिसला वाटलं, लोक घाबरतात. दिवाकरभाऊ हसले. इकडच्या गावांत दारात आलेल्या पाहुण्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. पाणी देतात, बाजेवर बसवतात, आणि हो म्हणतात. आम्ही तो पाहुणचार होकार म्हणून भरत होतो.

मग भाऊंनी माझ्याकडून होकाराचे तुकडे करून घेतले. आधी "हो म्हणाले". मग "घरी विचारून हो म्हणाले". मग "मोहा वेचून झाला", कारण मोहफुलांच्या दिवसांत कोणी गाव सोडत नाही. शेवटी त्यांनी एक टप्पा सांगितला, "कोंबड्या कोणाकडे ठेवायच्या ते ठरलं". शिल्पा मॅडमनी कपाळाला हात लावला, पण मी चेष्टा म्हणून तोही घातला.

महिनाभर भाऊंनी घरोघर विचारून माहिती भरली. सगळ्यांत मोठी गळती कोंबड्यांपाशी निघाली!

आम्ही शेजारणींशी बोलून कोंबड्यांची सोय लावायला लागलो, तेव्हा पट्टी जरा रुंदावली. मी मनापासून खूश झाले. पण जेवढी हवी होती तेवढी ती अजून नव्हती.

*

सोमीबाई आमच्या जीपने जाऊन ऑपरेशन झालेली म्हातारी, जंगलातल्या एका गावची. तीन महिने संपायला दोन आठवडे उरले होते, तेव्हा ती बाजाराच्या दिवशी डोळा दाखवायला आली. काळा गॉगल काढला आणि माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसली. नव्या डोळ्याने तिला सगळंच बघायचं होतं.

तिने विचारलं, हे काय. मी सांगितलं, वरची रुंद पट्टी तपासलेल्यांची, मग लहान होत होत खाली तू. तिने सगळ्यांत खालच्या पट्टीवर बोट ठेवलं, मग ते बाजूला कोऱ्या जागेत नेलं.

"अन् या पांढऱ्यात कोन हाय?"

मला वाटलं होतं, ती जागा म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, हो म्हणून जे आले नाहीत ते. तिने नावं विचारली. नियमाने वाचू नयेत, पण तिच्या गावची होती तेवढी मी वाचली. ती एकेक बोट दुमडत गेली. एक नाव तिने मला पुन्हा वाचायला लावलं, ते तिच्या शेजारणीचं निघालं. मग गॉगल लावून ती बाजारात निघून गेली.

शेवटच्या बुधवारी सकाळी मी चार्ट पाठवायला बसले होते. जीप जाणारच हे धरून शिल्पा मॅडम रजिस्टरं खोक्यात भरत होत्या. भाऊ जीप पुसत होते, एरवी कधी पुसत नाहीत. तेवढ्यात एसटी थांबली. आधी सोमीबाई उतरली. तिच्यामागून एकमेकांचा हात धरून म्हातारे-म्हाताऱ्या उतरत राहिल्या. एकीच्या काखेत कोंबडीही होती.

सोमीबाई सरळ माझ्या टेबलाशी आली. मी विचारलं, किती जण आणले?

"मोजाचं काम तुह्यं," ती म्हणाली. "पांढऱ्यात आता कोनी नाई."