मरोळमध्ये आम्ही पाडलेला उजेड

ज्या ऑफिसात लोक हसतखेळत काम करतात, तिथले किस्से तिथेच हसून संपतात. आमच्याकडे कोणी हसतच नाही, त्यामुळे ते साठत गेलेत. घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, "आधी तू नक्की काय करतेस ते सांग, मग हसतो." तर तेही सांगते.

मोबाइलवरचा व्हिडिओ हवेतून येतो असं आपल्याला वाटतं. हवेतून तो फक्त शेवटचं थोडं अंतर येतो. त्याआधी तो जमिनीखालून, केसाएवढ्या काचेच्या तारेतून, उजेड होऊन आलेला असतो. शहरांना शहरं जोडणाऱ्या या जाळ्याला कोअर नेटवर्क म्हणतात. पूर्वी त्यात उजेडाच्या प्रत्येक प्रवाहाला ठरावीक रुंदीची पट्टी मिळायची, गरज असो वा नसो. हल्लीचं संशोधन असं, की ज्याला जेवढी लागेल तेवढीच द्यायची. मागणी वाढली की पट्टी रुंद करायची, घटली की अरुंद करायची, आणि हे सगळं करताना वीजही कमी खायची.

अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये, आमची चौघांची टीम हेच करते. प्रमुख कामेरकर सर, बोरीवलीचे. संदेश जाधव वाकोल्याचा. विद्या मढच्या कोळीवाड्यातली. आणि मी मुलुंडची.

कामेरकर सर हसलेले मी पाहिलेले नाहीत. रागावलेलेही नाहीत. संदेश म्हणतो, "सरांच्या चेहऱ्याला ठरावीक रुंदीची पट्टी मिळालीय यार."

*

सुरुवात माझ्यापासूनच करते.

आमच्या सोसायटीत पार्किंगची बोंब. मीटिंगमध्ये चेअरमन देसाईकाका म्हणाले, "राणे मॅडम, तुम्ही इंजिनिअर. काहीतरी सुचवा." मी उत्साहाने उभी राहिले. म्हटलं, या पिवळ्या पट्ट्या काढून टाका. छोट्या गाडीला छोटी जागा, मोठ्या गाडीला मोठी. जगात सगळीकडे असंच चाललंय. उजेडाच्या बाबतीत.

पट्ट्या काढल्या. सुरुवातीला झकास! दोन-चार गाड्या जास्तच बसल्या. लोक लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून मान डोलवायला लागले.

मग हळूहळू लक्षात आलं, की छोटी गाडी बाहेर गेली की तिच्या जागेत मोठी मावत नाही. इथे थोडी जागा, तिथे थोडी जागा. एकूण जागा भरपूर, पण गाडी लावायला एकही नाही. याला आमच्यात फ्रॅगमेंटेशन म्हणतात आणि त्यावर जगभर पेपर लिहिले जातात, हे मी देसाईकाकांना सांगितलं.

"उपाय काय?"

"असलेल्या गाड्या थोड्या थोड्या सरकवायच्या, म्हणजे सगळी मोकळी जागा एकत्र येते."

"मग सरकवा!"

रविवारी सकाळी सगळ्यांना चाव्या घेऊन खाली बोलावलं. सगळे आलेही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची गाडी मधोमध उभी, बॅटरी डाऊन, आणि चावी मुलाकडे, बंगलोरला. तिच्यापुढे काहीच सरकेना. पाऊण सोसायटी घरच्या कपड्यांत उन्हात उभी.

देसाईकाकांनी मला बाजूला घेतलं. शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या नेटवर्कमध्ये कोणाची चावी बंगलोरला असते का?"

"नाही."

"मग तुमचं संशोधन सोपं आहे."

पुढच्या रविवारी पिवळ्या पट्ट्या परत मारल्या.

*

विद्याचं काम रस्ते शोधायचं. म्हणजे इथून दिल्लीला उजेड कुठून कुठून न्यायचा, कोणती पट्टी द्यायची. शक्यता इतक्या असतात की कॉम्प्युटरचीही दमछाक होते. एकदा तिचा प्रोग्रॅम सकाळपासून फिरत होता. सर मागे येऊन उभे राहिले.

"उत्तर कधी येईल?"

"सर, सगळ्यात उत्तम उत्तर पाहिजे असेल तर आपण सगळे रिटायर होऊ. बऱ्यापैकी उत्तर चहाच्या आधी येईल."

सरांनी विचार केला. "बऱ्यापैकी घ्या. माझं लग्न असंच ठरलं."

*

सरांचा एक पेपर परदेशातल्या जर्नलकडे गेला होता. तिथे पेपर तपासणाऱ्याला लेखकांची नावं दिसत नाहीत आणि लेखकांना तपासणारा कोण ते कळत नाही. तपासणाऱ्याने चांगलाच झोडपला. त्याचा मुख्य आक्षेप असा: "या विषयावर कामेरकर नावाच्या संशोधकाने पूर्वी मूलभूत काम केलेलं आहे. तुमचे निष्कर्ष त्याच्या बरोबर उलट आहेत. लेखकांनी कामेरकर वाचलेला दिसत नाही."

आम्ही तिघं सरांच्या तोंडाकडे बघत बसलो. मी म्हटलं, "सर, आता काय लिहायचं?"

सरांनी स्वतःच टाइप केलं: "कामेरकर आम्ही वाचला आहे. त्याचं तेव्हा चुकलं होतं."

तपासणाऱ्याचं उत्तर आलं, की लेखकांनी ज्येष्ठ संशोधकांविषयी थोडा आदर ठेवावा!

*

वीज वाचवण्याचंही आमचं संशोधन आहे. वाहतूक कमी असते तेव्हा नेटवर्कमधली काही यंत्रं झोपवायची, वाढली की उठवायची. सरांनी त्यावर ऑफिसच्या सभागृहात भाषण दिलं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतं: "गरज नसेल तेव्हा बंद."

पहिल्या रांगेत अ‍ॅडमिनचे पाटकर बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

सोमवारी सर जेवून आले तर लिफ्ट बंद. सरांचा गुडघा दुखरा, लॅब सहाव्या मजल्यावर. त्यांनी पाटकरांना फोन लावला.

"सर, दुपारी लिफ्टला ट्रॅफिक कमी असतं. झोपवलीय."

"मग मी आलोय ना. उठवा."

"सर, एकट्या माणसासाठी उठवणं परवडत नाही. तुमच्याच स्लाइडवर आहे."

सरांनी फोन ठेवला. खालच्या सिक्युरिटीवाल्याला जवळ बोलावलं, बाजूच्या टपरीवरच्या चार रिक्षावाल्यांनाही बोलावलं, आणि पुन्हा फोन लावला.

"पाटकर, ट्रॅफिक वाढलं."

*

आमचं काम वापरून बघणारी एक मोठी टेलिकॉम कंपनी आहे. तिच्या वतीने सबनीस साहेब येतात. सूट घालून येतात, ऑक्टोबरातही.

महत्त्वाच्या कनेक्शनला दोन रस्ते लागतात. एक तुटला तर दुसरा. दोन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळे हवेत, ही साधी गोष्ट. घाटकोपरला कोणाचं तरी खोदकाम चालू होतं. जेसीबीचा दात लागला आणि एका फटक्यात दोन्ही रस्ते गेले. वाट लागली! पाहिलं तर दोन्ही तारा एकाच पाइपमध्ये, एकमेकींना चिकटून.

मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "सबनीस साहेब, हे दोन रस्ते स्वतंत्र आहेत असं तुम्ही लिहून दिलं होतं."

"आहेतच."

"एकाच पाइपमध्ये?"

"सर," सबनीस साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक माझ्या डिपार्टमेंटचा आहे. दुसरा त्यांच्या. आम्ही एकमेकांशी बोलतही नाही. याहून स्वतंत्र काय असतं?"

सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलंय. अजून पुसलेलं नाही.

*

संदेशचं काम अंदाज बांधायचं. कुठे, कधी मागणी वाढेल हे आधी कळलं तर पट्टी आधीच रुंद करता येते. त्याचं मॉडेल सगळीकडे बरं चालायचं, फक्त मढला फसायचं. मधूनच संध्याकाळी मढकडून मागणी उसळायची आणि कारण कळायचं नाही. सबनीस साहेबांना वाटलं सायबर हल्ला आहे.

विद्या म्हणाली, "हल्ला कसला? बंगल्यांवर शूटिंग असतं. दिवसभराचं सगळं चित्रीकरण संध्याकाळी नेटवरून पाठवतात." आणि तिने तिथल्या तिथे आत्याला फोन लावला, स्पीकरवर. आत्या मासळी विकते, बंगल्यांच्या रस्त्यावरच बसते.

"आत्ये, आज शूटिंग हाय काय?"

"हाय गो. सकालपासून गाऱ्या आयल्यान."

तेव्हापासून आत्या संदेशला रोज फोन करायला लागली. शूटिंग असलं तरी, नसलं तरी. कधी आज लग्न आहे म्हणून, कधी आज बोटी बाहेर गेल्या नाहीत म्हणून. संदेश बिचारा सगळं मॉडेलमध्ये घालायचा. पेपरात सरांनी तिचा उल्लेख "स्थानिक निरीक्षक" असा केला.

एक दिवस आत्याने फोन केला तो भांडायलाच. "काय रे संदेश, तुमी एवरे मोठे इंजिनेर, अख्ख्या मुंबयचा नेट बघताव. माज्या घरान व्हिडिओ गोल गोल का फिरतंय?"

संदेशने नकाशा काढला. आमची मुख्य तार आत्याच्या ओट्याखालून गेलेली होती. त्या तारेतून अर्ध्या उपनगराचं इंटरनेट वाहतं.

त्याने हे आत्याला समजावून सांगितलं. ती मुख्य वाहिनी असते, मधेच घरात घेता येत नाही, वगैरे.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे जाताव माज्या दारावरून, पन घरान येवाला टाइम नाय!"

संदेशने तिला सॉरी म्हटलं. नेटवर्कच्या वतीने.

*

आता शेवटचा.

मुंबई-पुणे मार्गावर आमची सगळ्यात मोठी चाचणी होती. चालू प्रवाहाची पट्टी रुंद करायची, मग तो अख्खा प्रवाह दुसऱ्या तारेवर हलवायचा, आणि हे होताना पलीकडच्याला काहीही कळता कामा नये. जमलं तर सबनीस साहेबांची कंपनी आमचं काम पुढे नेणार. तुटलं तर प्रोजेक्ट बंद, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

एरवी या तपासणीला माणूस लागत नाही. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला मशीन, माहितीचं एक बिट जरी हरवलं तरी ते ओरडतं. पण आदल्या आठवड्यात संदेश सरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"सर, मशीनच्या जोडीला एक खरा व्हिडिओ कॉल ठेवू या का? खऱ्या माणसांचा."

"कोणाचा?"

"इथे माझे बाबा. पुण्याच्या लॅबमध्ये माझी ताई."

आम्हाला माहीत होतं. त्याच्या प्रज्ञाताईने घरी न सांगता रजिस्टर लग्न केलं होतं आणि बाबांनी तिचा फोन घेणं बंद केलं होतं. तिला मुलगी झाली तेव्हाही घेतला नव्हता.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि कॉल तुटला तर?"

"तो बराच काळ तुटलेलाच आहे, सर."

सर म्हणाले, "बाबांना सांगा, ऑफिसचं काम आहे. जेवून यायला सांगा."

जाधवकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पाणीखात्यातून रिटायर झालेले, ताठ बसणारे. मुलाच्या ऑफिसचं काम म्हणजे काम, एवढंच त्यांना ठाऊक. समोरच्या स्क्रीनवर ताई दिसली. ते खुर्चीतून अर्धे उठले. मग संदेशकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, सबनीस साहेबांच्या सुटाकडे पाहिलं, आणि परत बसले.

चाचणी सुरू झाली. विद्याने पट्टी रुंद केली. सबनीस साहेब ग्राफला नाक लावून उभे. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज.

सर म्हणाले, "जाधव साहेब, बोलावं लागेल. आवाज तुटतो का ते आम्हाला ऐकायचंय."

"काय बोलू?"

"काहीही."

काकांनी घसा साफ केला. हजेरी घेतल्यासारखे म्हणाले, "जेवलीस?"

"हो, बाबा. तुम्ही?"

"मी जेवून आलोय. सांगितलं होतं तसं."

"बीपीची गोळी घेता ना?"

"घेतो."

विद्याने प्रवाह दुसऱ्या तारेवर हलवला. मी मशीनकडे बघत होते. ते ओरडलं नाही. एक बिटसुद्धा हरवलं नव्हतं. पलीकडे कोणीतरी ताईच्या मांडीवर बाळ आणून ठेवलं. ते झोपेतून उठलेलं, केस विस्कटलेले. स्क्रीनला हात लावायला पुढे झुकलं.

काका म्हणाले, "हिचे कान तुझ्या आईसारखे आहेत गं."

ताईने बाळाचे केस कानामागे सारले. काकाच बोलायला लागले. अंघोळीला तेल कोणतं लावता, रात्री उठते का, टोपी घाल, पुण्याला गारठा असतो. विद्याने हळूच अंगठा दाखवला. संपलं होतं. प्रोजेक्ट वाचला होता. सबनीस साहेबांनी सरांशी हात मिळवला आणि निघायची घाई केली.

"चला, कॉल बंद करा आता. लाइन मोकळी होऊ दे."

सरांनी विद्याला खुणेने थांबवलं. मग मशीनचं बटण बंद केलं, ग्राफचा स्क्रीनही बंद केला, आणि एक खुर्ची ओढून काकांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसले.

खुर्चीच्या आवाजाने काकांनी दचकून मागे पाहिलं. डोळे पुसले. "साहेब, झालं का तुमचं काम?"

"नाही अजून," सर म्हणाले. "तुम्ही बोला."