डांबरी रस्त्यावरचे खळे

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्यातला गुन्हेगार नव्हे, जखमी बाई मला आठवते आणि तिचे उपकार वाटतात.

निवृत्ती जवळ आली होती. नव्या न्याय संहितेची कलमे अजून आमच्या तोंडी बसायची होती. जिंतूर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी फोन आला, "साहेब, टेम्पोवाल्यानं आमच्या गावच्या बाईला उडवलं. लय दारू प्यालाय." नाव न सांगताच फोन ठेवला.

चालक पंचविशीतला पोरगा. बाईला स्वतःच्याच टेम्पोत घालून त्याने रुग्णालयात आणले होते आणि तिथेच बाकावर बसून होता. डॉक्टरांनी तपासले, तर दारूचा थेंबही नाही. खबर पहिल्याच पायरीवर घसरली.

तरी बाईचा पाय मोडला होता. नवऱ्याने फिर्याद दिली की बायको कडेला एसटीची वाट पाहत होती आणि टेम्पो भरधाव आला. गावातल्या चौघांनी तेच सांगितले, तेही एकाच चालीत. गुन्हा दाखल झाला.

पोराला समोर बसवले. "खरं सांग, किती जोरात होतास?"

"आईची शप्पत साहेब, हळूच व्हतो. मावशी मधोमध उभ्या व्हत्या. त्यांनीच हात केला, वरून घाल म्हून. घातली, अन् हुलग्यावरून गाडी सरकली." मग त्याला रडू फुटले. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती. हा गुन्हा अंगावर राहिला तर चारित्र्य पडताळणीत नोकरी जाणार होती.

आमच्याकडे हुलगे, उडीद असले थोडके पीक डांबरी रस्त्यावर अंथरतात. गाड्यांची चाके ते फुकटात मळून देतात. घरातले कोणीतरी रस्त्यात उभे राहून गाड्यांना पिकावरून जायला खुणावते. वाहतुकीच्या वाटेत उभे राहणे, रस्ता अडवणे कायद्याला चालत नाही. हटकले की उत्तर तयार, "रस्ता सरकारी हाय, म्हंजे आपलाच की!"

घटनास्थळी गेलो तर हुलग्याचा दाणा दिसेना. रस्ता लख्ख झाडलेला. मंत्री येणार असला तरी आमच्याकडे इतका झाडत नाहीत! माझी शंका बळावली. हवालदाराने टेम्पोखाली शिरून पाहिले. मागच्या आसाला हुलग्याचे वेल शेंगांसकट गच्च गुंडाळले होते. पंचांसमक्ष ते जप्त केले. पण असली खळी वाटेत ठिकठिकाणी असतात, हे वेल याच जागेचे कशावरून? आता बाईचा जबाबच हवा होता.

तिला पुढे परभणीच्या रुग्णालयात हलवले होते. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर होती. नवरा उशाशी बसलेला.

"ताई, तुम्ही कुठे उभ्या होत्या?"

"मधोमध, खळ्यापाशी. म्याच हात केला त्या लेकराला."

नवरा तडकला, "अगं, काय बोलायलीस? केस आपल्यावर यील!"

"यिऊ द्या. गाडी सरकली तवा तुमी समदे हुलगे गोळा करायला पळालात. मला त्यानं उचललं. त्याला अडकवून मला घास गोड लागंल का?"

नवरा कितीतरी वेळ तिच्या प्लास्टर घातलेल्या पायाकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, माझाबी जबाब परत घ्या."

चालकाचा दोष नसल्याचा आमचा अहवाल न्यायालयाने मंजूर केला. रस्ता अडवल्याबद्दल नवऱ्यावर कारवाई झाली, ती त्याने मुकाट सोसली. चौघे साक्षीदार मला पाहून बरेच दिवस रस्ता बदलत होते.

रस्त्यात उभे राहू नका, हे मी गावोगाव सांगितले, अजून सांगतो. तिचीही चूक होतीच. पण चूक करून ती खाटेवरून कबूल करणारी माणसे मला फार थोडी भेटली, आणि घरच्यांच्या तोंडावर कबूल करणारी तर त्याहून थोडी. आसाचे वेल आम्ही शोधले, पण त्यांचा पुरावा केला तो तिने.

पोरगा आज एसटी चालवतो. निवृत्तीच्या दिवशी मला पुष्कळ हार पडले. त्यातला एक तिच्या हक्काचा होता. तो तिला नेऊन द्यायचे राहिले, म्हणून हे लिहिले.