कुलूप कुणीही उघडावं

माझा थोरला भाऊ कुलपं दुरुस्त करतो. किल्ली आत राहिली, कडी अडकली की लोक त्याला बोलावतात आणि तो पोहोचेपर्यंत दारात उभं राहून त्याच्याच नावानं खडे फोडतात.

रविवारी दुपारी मात्र त्याला मान होता. त्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं अकरा वर्षं गोष्टीचा खेळ खेळतोय. भूगोलाच्या बाई गोष्ट सांगतात, आम्ही तिघं त्यातली पात्रं, आणि बेत जमला की फसला ते फासा ठरवतो. मी तलवारवाली, दातांचे डॉक्टर मांत्रिक आणि दादा चोर. नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, कुलूप फक्त चोरानं उघडायचं. त्यामुळे गोष्टीत बंद दार आलं की आम्ही हात बांधून उभे, आणि दादा काय भाव खायचा! आधी चष्मा पुसणार, मग बाह्या सरसावणार, मग कुठे फासा टाकणार.

गेल्या महिन्यात बाईंनी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आणली.

"आता कुलूप कुणीही उघडून बघू शकतं," त्यांनी वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी लगेच फासा टाकला आणि तळघराचं दार पहिल्याच फटक्यात उघडलं. "सोपं असतं की हो!" ते म्हणाले. दादा हसला, पण मला ते हसू बघवेना. जाताना त्यानं नवं पुस्तक मागून घेतलं. मला वाटलं, झालं, हा आता खेळायला येत नाही. बाईंचा तर असा राग आला! चांगलं चाललेलं कशाला बदलायचं?

पण कुलूप का बिघडलं हे कळल्याशिवाय दादाला चैन पडत नाही. बुधवारी दुकानात गेले, तर जुनं आणि नवं अशी दोन्ही पुस्तकं समोर उघडी आणि हा एकेका ओळीवर कानस ठेवून वाचतोय.

"गंमत बघ," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी खेळात तरबेज आहे. कसला तरबेज! फासा सगळ्यांचा सारखाच. फक्त तुम्हाला मनाई होती."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना. दोन दिवस जेवण गेलं नाही." त्यानं पान उलटलं. "मग म्हटलं, मला कशाकशाची मनाई होती तेही बघू या की."

रविवारी गोष्टीत पुन्हा बंद दार आलं. सवयीनं सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. त्यानं फासा डॉक्टरांपुढे सरकवला. दार उघडलं, आत राक्षस. डॉक्टर मंत्र टाकायला पुढे सरसावले.

"थांबा," दादा म्हणाला. "मंत्र मी टाकतो."

"तुम्ही? चोराला कुठला मंत्र?"

"पान चव्वेचाळीस. आता कुणीही शिकू शकतं."

बाईंनी पान काढून पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. दादा त्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. शिकवाल?"

डॉक्टरांनी आपली खुर्ची उचलली आणि दादाशेजारी आणून ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दादानं फासा मुठीत धरला.

"मोठ्यानं म्हणायचा," त्यानं विचारलं, "का मनातल्या मनात?"