पिवळ्या तारेचा तुकडा

"मी आवाज बंद करा म्हटलं होतं, पहारा उठवा नव्हतं म्हटलं!" उल्का खोकत खोकत म्हणाली. केस अजून ओलेच होते, मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा होता.

"तुझ्याच मैत्रिणी जमल्या होत्या ना स्विमिंग पूलपाशी? पेटीची टीं-टीं ऐकून डोकं उठलंय, हे कोण म्हणालं?" विलासराव म्हणाले.

"मीच म्हणाले. पण घरात इंजिनियर कोण आहे?"

इंजिनियर होते उल्काचे नवरे, विलासराव. कॅनडातल्या विंडसरच्या मोटार कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी यंत्रांची कंट्रोल्स सांभाळली. सुरक्षेची एखादी कळ तात्पुरती निकामी करायची, तर तारेला लाल टॅग आणि टॅगवर स्वतःचं नाव, ही तिथली शिस्त. ते ती घरीही पाळत. डिशवॉशर उघडला तरी प्लगला टॅग लटकायचा.

निवृत्त झाले त्याच वर्षी उल्काचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी रोज पोहायला सांगितलं. पूल होताच, त्याचं पाणी तपासून आम्ल आणि क्लोरीन आपोआप सोडणारी पेटी विलासरावांनी स्वतः घडवली. बाजारातल्या पेटीचं झाकणसुद्धा उघडू देत नाहीत, याचा त्यांना राग होता. म्हणून आपल्या पेटीचे नकाशे, प्रोग्रॅम, सगळं त्यांनी नेटवर खुलं ठेवलं. शंभरेक लोकांनी ती बनवली. लोक त्यांना 'पूलवाले काका' म्हणू लागले, आणि ते त्यांना फार आवडायचं.

पाइपातलं पाणी थांबलं की औषधं सोडणं थांबवणारी एक कळ त्या पेटीत होती. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, तीच सारखी टीं-टीं करत होती. पिवळ्या तारेचा तुकडा जोडून विलासरावांनी तिला गप्प केलं आणि ते अळूवड्या खायला गेले. चार पाहुण्यांसमोर लाल टॅग कुठे लटकवायचा, म्हणून लावला नाही. मग तार तिथेच राहिली.

आज मेपलच्या बियांनी पंपाची जाळी तुंबली. पाणी थांबलं, पण त्या तारेमुळे पेटीला वाटलं, वाहतंय. आम्ल आणि क्लोरीन एकाच पाइपात साचत गेलं. जाळी साफ करून विलासरावांनी पंप सुरू केला, तेव्हा त्यातून तयार झालेला विषारी वायू पोहणाऱ्या उल्काच्या तोंडापाशी वर आला.

"नो टॅग, बाबा? सीरियसली?" आईला घरी घेऊन आलेली रुचा एवढंच म्हणाली.

तेवढ्यात विलासरावांचा फोन वाजला. त्यांची पेटी बनवणाऱ्यांपैकी एक, ग्वेल्फ गावच्या शंतनूची मेल होती. 'काका, मागच्या आठवड्यात तुम्ही नेटवर टाकलेल्या पेटीच्या फोटोप्रमाणे हुबेहूब वायरिंग केलं. उद्या मुलं पाण्यात उतरतील!'

विलासरावांनी तो फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात पिवळी तार स्पष्ट दिसत होती.

"काय झालं?" उल्काने विचारलं.

ते उठून बेसमेंटमध्ये गेले. शंतनूशी ते बराच वेळ बोलत होते, वरपर्यंत ऐकू आलं ते फक्त, "नाही रे, चूक माझीच." वर आले तेव्हा हातात लाल टॅग होता, त्यावर स्वतःचं नाव.

"फोटो काढून टाकलाय," ते म्हणाले. "तार कुणी लावली आणि तुला काय झालं, ते माझ्या नावानिशी नेटवर पेटीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. पेटी बनवलेल्या सगळ्यांना मेल गेलीय. पेटी नीट तपासून होईपर्यंत आपला पूल बंद. तुझ्या पोहण्यासाठी उद्यापासून मी तुला कम्युनिटी सेंटरला सोडीन. सकाळी साडेसहाला तयार राहा."