पासवर्डबाई

पासवर्डबाईंच्या हातात कायम एक लोखंडी पट्टी असायची. कुणी पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला की त्या पट्टीचा टेबलावर असा दणका बसायचा की कपातला चहा सांडायचा. माझ्या बोटांवरही एकदा बसली. चांगले वळ उठले होते.

कोल्हापुरातल्या आमच्या खासगी दवाखान्यात पेशंटची सगळी माहिती कॉम्प्युटरवर होती. ती कुणाला किती दिसावी, हे ठरवणं बाईंचं काम. डॉक्टरला एक, नर्सला एक, औषधांच्या काउंटरला एक, अशी प्रत्येकाची हद्द त्यांनी आखून दिलेली. मी रिसेप्शनला होते. बाई कबनूरच्या. यंत्रमागाच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं कानात सांगायची गोष्टही त्या ओरडून सांगत.

“ज्याला जेवढं लागतंय तेवढंच दिसंल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका मोठ्या डॉक्टरांना ओळखीतल्या एका बाईची फाईल बघायची होती. “तुमचा पेशंट न्हाय, साहेब. न्हाय दिसायची,” बाई म्हणाल्या. साहेबांनी टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून त्यांच्यावर फेकलं. बाईंची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरत असताना त्या म्हणाल्या, “आता मी पेशंट झाले. माझी फाईल बघा की.”

मग हातकणंगल्याकडची एक सून आली. नवऱ्यानं मुसळानं तिचा जबडा फोडला होता आणि तो पसार होता. बाईंनी तिचं नाव यादीतून लपवलं. ती कुठल्या खोलीत आहे हे तिचे डॉक्टर, दोन नर्स आणि नोंद करणारी मी, एवढ्यांनाच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बिलिंगमधला एकजण आला. “माझं लॉगिन अडकलंय. तुझं दे की दोन मिनिटं.” रोज माझ्याबरोबर डबा खाणारा माणूस. मी दिलं. तो तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी नवरा कोयता घेऊन सरळ तिच्या खोलीत शिरला. बाई तिथंच नर्सच्या बोटाचा ठसा लॉगिनच्या नव्या मशीनवर घेत होत्या. त्या मधे पडल्या. पहिला वार त्यांच्या उजव्या हातावर बसला, दोन बोटं जागीच तुटली. डाव्या हातानं त्यांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. तो खाली पडला तरी त्या मारतच राहिल्या. भिंतीवर रक्त उडालं होतं. शेवटी दोन वॉचमननी त्यांना मागं ओढलं.

ऑपरेशननंतर त्यांनी मला बोलावलं. माझ्या नावावरून कुणीतरी ती फाईल उघडल्याचं त्यांना कळलं होतं.

“दिलतास का न्हाय पासवर्ड?”

“व्हय, बाई.” मी रडायला लागले.

“रडू नगंस. मी पोलिसांस्नी सांगणारच हाय. त्याच्या आधी तू जा. आपल्या पायानं जा.”

मी गेले. नवऱ्याबरोबर मावसभावालाही अटक झाली, माझी नोकरी गेली. बाईंनी माझ्यासमोर, डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत, माझं खातं बंद केलं. मग जिन्यापर्यंत सोडायला आल्या. “दुसरीकडं इचारतील का सोडलंस म्हणून. खरं सांग.”

खरं सांगितलं. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी घेतलं. ते कळवायला मी बाईंना फोन केला.

“बरं झालं,” त्या ओरडल्या. “आगं, तिच्या जबड्याच्या तारा काढल्या. बोलाय लागली ती. तुझं इचारत हुती. म्हणली, ती रिसेप्शनवरची पोरगी कुठं गेली?”

“मग काय सांगितलंसा?”

“सगळं सांगितलं. तू काय केलतंस ते, आणि पोलिसांकडं तुझी तू गेलतीस ते.”

“काय म्हणली?”

बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. “जबड्यावरनं हात फिरवला तिनं. मग म्हणली, तिला एकदा पाठवा.”