दुसरीला पहिलीची सर नाही

आमच्या घरात मी दुसरी आहे. नंबर दुसरा नव्हे, बायको दुसरी. सुधाकररावांची पहिली बायको सुनंदा तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा त्यांची मुलगी मुक्ता सात वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षांनी मी आले. लग्नात माझं वय चौतीस. "चला, दोघांचंही मार्गी लागलं!" असं म्हणत बायकांनी अक्षता टाकल्या. आशीर्वादात इतके सुस्कारे मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

आम्ही गारखेड्यात राहतो. इमारतीचं नाव गंगासागर अपार्टमेंट आणि बोअर कोरडी ठणठणीत! (बारसं आधी झालं असावं आणि बोअर नंतर घेतली असावी.) माझ्या लग्नात समोर ज्वारी उभी होती. वर्षभरात तिथं दोन सातमजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बोअरमधूनही नुसता फुफाटा निघाला. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही चाळीस मिनिटं. पाहुणा दारात आला की आम्ही आधी त्याच्या पायांकडे बघायचो, धुवायला पाणी द्यावं लागेल का म्हणून.

त्यात दौलताबादच्या आजींचा निरोप आला. आजी म्हणजे सुनंदाची आई. त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं. "लेकराला माझ्याकडं धाडा. इथल्या शाळेत नाव घालते. पाण्यावाचून हाल कशाला तिचे?" येत्या रविवारी त्या मुक्तालाच विचारायला येणार होत्या. ती हो म्हणाली की शाळेतून दाखला काढायचा, असं ठरलं.

मला मुक्ता जायला नको होती. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायचा हक्क मला आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. ती मला मावशी म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. कधी उलट बोलली नाही, कधी हट्ट केला नाही. इतकं शहाण्यासारखं वागणारं मूल बघून मला रडू यायचं.

तिला आपलंसं करायचा मी एकच मार्ग शोधला होता. हुबेहूब सुनंदा व्हायचं! माळ्यावर मला सुनंदाची स्वयंपाकाची वही सापडली. तिच्यातली भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी मी दर गुरुवारी करायची, अगदी चिमूट न् चिमूट मोजून. सुधाकररावांना खोदून खोदून विचारून सुनंदा घालायची तशी मुक्ताची वेणी घालायची. ती म्हणायची तेच गाणं मुक्ताला झोपवताना म्हणायची. (मी सुरू केलं की मुक्ता डोळे गच्च मिटून घ्यायची. मला वाटायचं, पोर पेंगतेय.)

शुक्रवारी मी मोरीत एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतत होते. धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला, असा आमचा क्रम. हॉलमध्ये मुक्ता फोनवर आजींशी बोलत होती.

"आजी, पहिली लई भारी होती गं!"

माझा हात थांबला.

"दुसरीला तिची सर नाय. नुसती नक्कल! गाणंसुदिक तेच. कंटाळा येतो."

मी बादली खाली ठेवली.

"आणि मधीमधी अडकती."

(चिडले की माझे शब्द अडकतात. हे खरं आहे. पण ते दौलताबादपर्यंत कळवायचं?)

"पप्पा पण म्हणले, उगीच आणली. परवा बजाजनगरला गेले होते परत द्यायला. पण एकदा घरी नेली की परत घेत नाहीत म्हणे."

बजाजनगरला! तिथं माझा दादा राहतो. वडील नसल्यामुळे माझं कन्यादान दादानेच केलं होतं. म्हणजे सुधाकरराव मला परत करायचं बोलायला दादाकडे गेले आणि माझ्या सख्ख्या भावाने मला परत घ्यायला नकार दिला! मी मोरीतच बसून रडले. मग लक्षात आलं, तोंड धुवायला पाणी लागेल. म्हणून थांबले.

संध्याकाळी दादाला फोन केला. "दादा, खरं सांग, मला परत घेणार नाही असं तू ह्यांना सांगितलंस?"

"काय? कोण म्हणलं तसं?"

"दुसरी आणून पस्तावलो म्हणतात. आणि मुक्ता म्हणते, दुसरीला पहिलीची सर नाही."

"असं व्हय! रविवारी येतोच मी. बघतो एकेकाला."

मी अबोला धरला. शनिवारी रात्रीपर्यंत तो कुणाच्या लक्षातच आला नाही. उलट सुधाकरराव म्हणाले, "आज घर कसं शांत वाटायलंय!"

रविवारी सकाळी दादा मोटारसायकलवरून आला, पुढे टाकीवर वीस लिटरचा पाण्याचा जार धरून. (त्या वर्षी माहेरचा आहेर हाच.) जार खाली ठेवून त्याने चहासुद्धा न घेता तोंड उघडलं.

"भाऊजी, स्पष्ट सांगा. दुसरी आणून पस्तावलात का नाही?"

सुधाकररावांनी पेपरातून मान वर केली. "पस्तावलो म्हणजे काय हो! साफ फसवलं मला."

"फसवलं? कुणी फसवलं?"

"ज्यानं दिली त्यानं! वरून सगळं झकपक आणि आत बघावं तर जुना माल."

दादाने बाह्या वर सारल्या. "मी दिली!"

"तुम्ही?" सुधाकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही फुटपाथवर कवापासून बसायला लागलात?"

"भाऊजी! तोंड सांभाळून बोला!"

"अहो, पण मी तुम्हाला कशाला बोलू? मी त्याला म्हणलं, बाबा, ही अडकती, परत घे, दुसरी दे. तर म्हणतो, आता आहे तशी चालवून घ्या!"

दादा एक पाऊल पुढे गेला आणि मी मधे पडले, तेवढ्यात दारातून आवाज आला. "कुणाला परत धाडायलेत रे सकाळी सकाळी?" आजी होत्या. बसमधून उतरून चालत आल्या होत्या, घामाने डबडबलेल्या.

"मला," मी म्हणाले.

आजींनी पिशवी तिथंच टाकली. "सुधाकर! एक लेक देवानं नेली माझी. ही दुसरी तू घालवायलास व्हय?"

मी आजींची पिशवी उचलून घेतली. वर्षभर मी त्यांना घाबरत होते. त्यांच्या लेकीच्या जागेवर मी बसलेय, असं मला रोज वाटायचं, आणि त्या मला लेक म्हणत होत्या. मला खूप काही बोलायचं होतं. पण नेहमीप्रमाणे शब्द अडकले.

"पाणी आलंऽऽ!" मोरीतून मुक्ता ओरडली.

भांडण जागच्या जागी थांबलं. चाळीस मिनिटांत आयुष्यभराचं भांडण मिटत नाही, पण आठ दिवसांचं पाणी भरावंच लागतं. मुक्ता नळाशी, मी तिच्यामागे, मग सुधाकरराव, मग दादा. आजी पिंपापाशी उभ्या राहून सांडलेल्या थेंबांचा हिशेब मागत होत्या. बादल्या हातोहात सरकत होत्या आणि भांडणही परत सुरू झालं.

"फसवलं म्हणता म्हणजे काय!" दादा कळशी घेत म्हणाला. "वय आम्ही लपवलं नव्हतं!"

"कुणाचं वय?" सुधाकरराव.

"हिचं!"

"हिच्या वयाचा इथं काय संबंध?"

मुक्ता मागे वळली. "मावशीला परत का धाडायलेत?"

मला राहवलं नाही. "तूच म्हणालीस ना आजींना! पहिली भारी होती, दुसरीला तिची सर नाही, नुसती नक्कल करते!"

मुक्ताने हातातली बादली खाली ठेवली. नळ वाहत होता. "ती?" ती म्हणाली. "ती कासवाची!"

"कुणाची?"

"सीडी! कासवाच्या कार्टूनची दुसरी सीडी!"

ती ओल्या पायांनी धावत गेली आणि सीडी घेऊन आली. वर कासवाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'भाग २'. सुधाकररावांनी ती बजाजनगरच्या बाजारात फुटपाथवरून आणली होती. आत पहिलाच सिनेमा होता, थोडा कापून, आणि तोही अडकणारा. सगळा खुलासा होईपर्यंत कुणीच नळाकडे बघितलं नाही. पाच-सहा बादल्या पाणी मोरीतून वाहून गेलं. आजी तेवढ्यासाठी मात्र खरोखर रडल्या.

दादा इतका ओशाळला की त्याने आम्हा सगळ्यांना त्याच दुपारी नव्या मॉलमध्ये नेलं. कासवाचा खरा दुसरा भाग तिथं लागला होता. पहिल्या भागात कासवाचं पिल्लू आईबरोबर तळं शोधत हिंडतं. दुसऱ्यात तळं सापडलेलं असतं, पण पिल्लाला तिथं एका खडूस पाणकोंबडीबरोबर राहावं लागतं. पडद्यावर तळं उघडलं तशा आजी ओरडल्या, "अगं बाई, केवढं ते पाणी!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "टँकर लावा रे!" सगळं थिएटर हसलं आणि मग ते पाणी डोळे भरून बघत बसलं.

येताना रिक्षात मुक्ता मला समजावून सांगत होती.

"खरी दुसरी पहिलीपेक्षा भारी आहे, मावशी. पहिलीत कासव कोण, कुठलं, हे सांगण्यातच अर्धा वेळ जातो. दुसरीत सगळे ओळखीचे असतात. गोष्ट लगेच सुरू!"

"आणि ती फुटपाथवरची?"

"ती खोटी दुसरी. तिला वाटतं, पहिलीतलं गाणं परत लावलं की झालं. खरी तसं नाही करत. कासव तेच असतं, पण मोठं झालेलं असतं ना, म्हणून त्याची भीतीपण वेगळी असती. पहिलीत ते स्वतः हरवायला घाबरायचं. दुसरीत त्याला वाटतं, आपलं कुणीतरी हरवेल."

दहा वर्षांच्या पोरीला जे कळत होतं, ते मला कळायला चौतिशी उलटावी लागली होती. वर्षभर मी फुटपाथवरच्या सीडीसारखी त्या घरात वाजत होते.

घरी आल्यावर मी आजींना पान वाढलं. गुरुवार नसूनही त्यांच्यासाठी सकाळीच करून ठेवलेल्या येसर आमटीचा पहिलाच घास घेऊन त्यांनी भुवया उंचावल्या. "ही कुणी शिकवली तुला?"

"सुनंदाताईंच्या वहीतली आहे."

आजी हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "अगं, ती वही मी लिहून दिली होती तिला. माझ्या सुनंदाला येसर जन्मात जमलं नाय! ही मुक्ता तर तोंड लावत नव्हती."

म्हणजे मी वर्षभर नक्कल केली आणि तीही नापास झालेल्या पेपरची! मी मुक्ताकडे वळले. "मग दर गुरुवारी दोन-दोन वाट्या का खात होतीस?"

"तुला वाईट वाटलं असतं," ती ताटात बघत म्हणाली.

तिने मला तू म्हटलं होतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी काही बोलले नाही, बोलले असते तर ती सावध होऊन परत 'तुम्ही'वर गेली असती.

जेवण झाल्यावर आजींनी विचारलंच. "मग, येतीस ना दौलताबादला?"

मुक्ताने विचार केला. "तिथं पाणी आहे."

"व्हय."

"इथं टीव्ही आहे."

(माझं नाव कुठे येतंय का, म्हणून मी कान टवकारले होते. आलं नाही.)

"उन्हाळ्यापुरती येते," मुक्ता म्हणाली. "दाखला नका काढू."

पाणी खरंच नव्हतं, त्यामुळे अडवायला मला तोंड नव्हतं. परीक्षा संपली तशी ती गेली. ते दोन महिने फार वाईट गेले. तिच्या वाटणीचं पाणी घरात उरायला लागलं. ज्या पाण्यासाठी जीव टाकत होते, ते भरलेल्या पिंपात बघवेना. गुरुवार आला की काय रांधावं सुचायचं नाही. सुधाकरराव एकदा म्हणाले, "गाणं म्हण की एखादं." मी म्हटलं नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती आली, उन्हाने रापलेली, बोटभर उंच झालेली. आभाळ तेव्हाही कोरडंच होतं. नळ आठवड्यावरून दहा दिवसांवर गेला होता. मी तिला वेणी घालायला बसले आणि उन्हासाठी बांधलेला रुमाल सोडला, तर तिने केस कापून घेतलेले. सुनंदाची वेणी संपली. मी रिबिनी डबीत ठेवून दिल्या.

त्यानंतर कधीतरी मी माझ्या पद्धतीची साधी आमटी करत होते. बाहेर सुधाकरराव पेपर वाचत होते. "मुक्ते, ऐकलंस का?" ते म्हणाले. "तिसरी यायलीय म्हणे!"

"तिसरी नको," अभ्यासातून मान वर न करता मुक्ता म्हणाली. "आपल्याला दुसरीच राहू दे."

ती सिनेमाबद्दल बोलत होती. ह्या वेळी मला ते पक्कं ठाऊक होतं, शंकेला जागाच नव्हती. तरी मी तोंड फिरवून पोटभर रडून घेतलं, आणि त्या नादात आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.