पैलवानाचा खुराक

निघोजच्या कोंडीरामनं कुस्ती सोडली, पण खुराक काही सोडला नाही. आता बोला! पिंपरीच्या कंपनीत लागला तेव्हा अंगात रग होती, रोज आखाडा होता. पुढं शिफ्ट आली, ओव्हरटाइम आला, आखाडा सुटला. मग जोर-बैठकाही सुटल्या. सकाळचं तांब्याभर म्हशीचं दूध आणि त्यात वाटीभर तूप मात्र अगदी नेमानं चालू. बायको गोजाबाई गावाकडून तुपाची बरणी आणायची. पैलवानाच्या घरातला खुराक बंद पडला म्हणजे घराची अब्रू गेली, असं तिला मनापासून वाटायचं.

सत्तर-बहात्तर सालाच्या सुमाराला कंपनीनं कामगारांचं रक्त तपासलं. कोंडीरामची अजून चाळिशीही आली नव्हती. ऐटीत गेला, दंड पुढं केला. दोन दिवसांनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलं.

"तुमच्या रक्तात चरबी फार आहे. आणि साखरही चढायला लागलीय."

कोंडीराम खवळलाच. "साखर? अवो बाई, मी चहाला शिवत न्हाई, गोडाला हात लावत न्हाई. दुसऱ्याचं रक्त बघितलं असंल तुमी!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "गोड न खाताही ती वाढते. खाणं पैलवानाचं, मेहनत काहीच नाही, पोट सुटलेलं. अशा अंगात चरबी साठते आणि मग साखर जिरत नाही, रक्तातच राहते. ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा जोडीनं येतात."

कोंडीरामचा सगळा ताठा उतरला. थोरला भाऊ भिवा ह्याच साखरेनं बसला होता. पायाला साधी जखम झाली, ती चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. एवढा धिप्पाड माणूस, पण आता परसाकडं जायचं तरी कुणाला तरी हाक मारायची.

"माझा बी पाय जानार का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तुमची आत्ता सुरुवात आहे. आत्ता ऐकलंत तर मागं फिरता येईल."

घरी येऊन त्यानं खुराक बंद केला. गोजाबाईनं आकांडतांडव केलं. डॉक्टरणीला काय कळतंय, नवरा वाळून चाललाय, लोक मला नावं ठेवतील! मग गप्प बसली. ती गप्प बसली तिथंच खरं तर त्यानं ओळखायला हवं होतं. एक दिवस भाकरी मोडली, तर पापुद्र्याच्या आतून तूप ओघळलं. बाईनं फुगलेल्या भाकरीच्या पोटात तूप भरलं होतं! किती दिवस चाललं होतं, देव जाणे.

कोंडीराम ओरडला नाही. भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, "गोजे, मला दादावानी बसवायचंय व्हय तुला?"

तिनं पदर तोंडाला लावला. त्याच दिवशी बरणी गावाकडं परत गेली.

मग कोंडीराम बस सोडून कंपनीत पायी जायला लागला. जोर मारताना पोट आडवं यायचं, बैठका मारताना गुडघे वाजायचे, आणि चाळीतली पोरं विचारायची, "पैलवान, कुस्ती कुठं ठरली?" हा शिव्या हासडायचा आणि पुन्हा खाली बसायचा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पातळ ताक. तुपाच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, पण भिवाची हाक आठवली की हात आवरायचा.

सहाएक महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. निकालाच्या दिवशी तो दवाखाना उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. चरबी बरीच उतरली होती आणि साखर जागेवर आली होती. "पण हे आता जन्मभर पाळायचं हं," त्यांनी बजावलं. पाळतो की! सुटलो बाबा एकदाचा, असं मोठ्यानं म्हणतच तो बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं सांगितलं मात्र, गोजाबाई उंबऱ्यातच बसली आणि तिनं असा गळा काढला की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या.

"अगं बाई, कोण गेलं?"

गोजाबाईनं रडतरडतच मान हलवली. "कुनी न्हाई गेलं गं. माझा धनी ऱ्हायला."